तीच जागा, पुन्हा एकदा : गटाने फोटो काढण्याची आणि बैठकीत ते तपासण्याची रीत

गोव्यात कॅमेरा घेऊन वर्ष झालेलं असतं. मिरामारचा सूर्यास्त, पणजीतल्या फोंताइन्हासच्या रंगीत भिंती, पावसातला दूधसागर, सगळं काढून झालेलं असतं. घरचे आणि मित्र ‘मस्त आलाय’ म्हणतात. तरी आपलं आपल्याला कळत असतं की गाडी कुठेतरी अडली आहे.

अडते ती एकाच कारणाने. फोटो काढणाऱ्याला स्वतःच्या फोटोत त्या सकाळचा गार वारा, खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीतल्या, चिखलाचा वास, फेरीबोटीची धडधड हे सगळं आठवत असतं. बघणाऱ्याच्या हातात मात्र नुसता कागद. आठवणीतलं किती कागदावर उतरलं आणि किती तिथेच राहिलं, हे काढणाऱ्याला एकट्याला कधीच कळत नाही. त्या जागी नसलेल्या माणसाने तो कागद बघून ‘मला हे दिसतंय’ असं सांगावं लागतं. बैठक हवी ती यासाठी. गटाने बाहेर जायचं ते याचंच दुसरं अंग आहे: बैठकीत जे कळलं ते घेऊन त्याच जागी परत उभं राहायचं.

कलात्मक छायाचित्र म्हणजे धूसर, कृष्णधवल किंवा गूढ काहीतरी, असा एक समज आहे. तसं नाही. पासपोर्टच्या फोटोत माणूस ओळखू आला की काम झालं; इथे वस्तू ओळखू आल्यानंतर काम सुरू होतं. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९२२ पासून कित्येक वर्षं नुसत्या ढगांचे फोटो काढले. त्यांना हवामान सांगायचं नव्हतं, मनाची अवस्था कागदावर आणायची होती. आणि मंडळी जमवून एकमेकांचं काम बघण्याची पद्धत आपल्याकडे अजिबात नवी नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच स्थापन झाली होती.

गट केवढा, बसायचं कुठे

सहा माणसं पुरतात. चारांपेक्षा कमी असली की मतं एकमेकांवर आदळत नाहीत, आणि आठांपेक्षा जास्त झाली की शेवटच्याच्या फोटोकडे कोणी धड बघत नाही. सगळ्यांकडे सारखा कॅमेरा असण्याची काही गरज नाही. फोनवाला असू दे, जुन्या फिल्म कॅमेऱ्याचा असू दे. निदान दोघं तरी फोटोग्राफीबाहेरची असावीत: चित्र काढणारं, विणकाम करणारं, किंवा गावच्या नाटकाला प्रकाशयोजना करणारं कोणी. गोव्यात असा माणूस दर चार घरांआड सापडतो, आणि उजेड कुठून येतो, कोणाच्या तोंडावर पडतो, कशासाठी पडतो हे त्याला आपल्यापेक्षा लवकर दिसतं. आधी तीन महिन्यांचं ठरवा, त्या काळात नवीन माणूस घेऊ नका. एकमेकांची नजर ओळखायला तेवढा वेळ लागतोच.

जागेसाठी भाडं भरण्याची गरज नाही. जुन्या घराचा बलकांव, म्हणजे दारापुढची उघडी ओसरी, दिवसा उत्तम. थेट ऊन नको, पण भरपूर सावलीतला उजेड हवा. संध्याकाळी बसायचं असेल तर ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, रंग नीट दाखवणारा एलईडी दिवा टेबलावर लावा. घरातल्या साध्या ट्यूबखाली कागद हिरवट दिसतो, आणि मग अर्धी बैठक ‘हिरवा का आला’ यातच जाते.

फोटो कागदावर आणा

फोनच्या पडद्यावर बैठक करू नका. पडदा आतून उजळतो, त्यामुळे कुठलाही फोटो जरा जिवंत वाटतो. शिवाय बोटाने मोठा करून माणसं कोपरे बघत बसतात आणि अख्खी चौकट कोणी बघतच नाही. सुरुवातीला ४ बाय ६ इंचाच्या प्रिंट पुरेत. तीन फेऱ्यांनंतर निवडक फोटो ८ बाय १२ वर काढा. ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या, हिशेबाने लहान प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, मोठीला २४०० बाय ३६००. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर खिडकी दिसते आणि बोटांचे ठसे उमटतात.

लॅबमध्ये तीन गोष्टी तोंडी सांगा, चिठ्ठीवरही लिहून द्या. पहिली, रंग-उजेडाची दुरुस्ती करू नका. लॅबचं मशीन प्रत्येक फोटो आपोआप ‘सुधारतं’, आणि तुम्ही मुद्दाम काळोखा ठेवलेला देवळाचा मंडप करड्या रंगाचा होऊन हातात येतो. दुसरी, पांढरी कड ठेवून पूर्ण चौकट छापा. फोनचा फोटो ४:३ मापाचा असतो आणि ४ बाय ६ चा कागद ३:२ मापाचा, म्हणून आडव्या फोटोचा वर-खाली मिळून जवळजवळ नववा हिस्सा कापला जातो. तिसरी, प्रिंटच्या मागे नाव नको, फक्त क्रमांक. कोणाचा फोटो आहे हे माहीत नसलं की माणसं मोकळेपणाने बोलतात.

सगळ्याच प्रिंट काळपट आल्या तर दोष बहुधा लॅबचा नसतो. लॅपटॉपचा उजेड पूर्ण वाढवून फोटो सुधारला, की पडद्यावर बरोबर दिसणारा फोटो कागदावर बुडतो. पडद्याचा उजेड अर्ध्यावर आणा, शेजारी कोरा पांढरा कागद धरा, दोन्ही साधारण सारखे उजळ दिसले की मग काम करा.

मडगावचा एखादा सदस्य पावसात अडकला आणि फोटो पाठवावाच लागला तर लांब बाजू २०४८ पिक्सेल, एसआरजीबी रंग (पडद्यांसाठीची नेहमीची रंगपद्धत), आणि व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. फोटो म्हणून पाठवला तर तो इतका दाबला जातो की आकाशात पट्टे दिसतात, आणि गट त्या पट्ट्यांवर बोलत बसतो.

जागा एक, फेऱ्या तीन

नव्या गटाची हमखास चूक म्हणजे दर रविवारी नवं ठिकाण. एक रविवार तांबडी सुर्ल, पुढचा कुठल्यातरी किल्ल्यावर, त्यापुढचा कोलव्याला. असं केलं की प्रत्येक जागेचा पहिला, वरवरचा फोटोच हाती येतो, कारण पहिल्या भेटीत डोळा जे आधी पोस्टकार्डावर पाहिलंय तेच शोधतो. एक जागा निवडा, सहा आठवड्यांत तिथे तीनदा जा, आणि मधल्या दोन बैठका त्याच जागेच्या फोटोंवर घ्या. सहा आठवडे अशासाठी की तेवढ्यात सूर्य फारसा सरकत नाही. गोव्यात जूनमध्ये सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, जानेवारीत सात वाजून जातात, आणि उगवण्याची दिशाही ईशान्येकडून आग्नेयेकडे बरीच ढळते. तीन महिन्यांनी गेलात तर जागा तीच, पण उजेड भलताच.

सुरुवातीला जुन्या गोव्याइतकी शिकवणारी जागा नाही. रस्त्याच्या एका बाजूला पांढरं सें कॅथेड्रल, दुसऱ्या बाजूला बॉम जेझूची तांबडी बॅसिलिका. सेंचं तोंड पूर्वेला, बॉम जेझूचं पश्चिमेला. म्हणून सकाळी पांढरी भिंत उन्हात असते तेव्हा तांबडी सावलीत, आणि संध्याकाळी नेमकं उलट. बॉम जेझूवर गिलावा नाही, विसाव्या शतकात तो काढला गेला, म्हणून चिरा, म्हणजे जांभा दगड, उघडा दिसतो. पावसात भिजला की तोच चिरा जवळजवळ काळपट होतो.

इथे कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर कसं फसतं ते दहा मिनिटांत कळतं. मीटरला जग मध्यम करड्या रंगाचं आहे असं वाटतं. सेंच्या पांढऱ्या भिंतीने चौकट भरलीत तर ते उजेड कमी करतं आणि भिंत मळकी येते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करण्याची सोय, +१ वर न्या. सावलीतल्या काळसर चिऱ्याने चौकट भरलीत तर ते उजेड वाढवतं आणि दगडाचं वजनच जातं, –०.७ वर आणा. गटाचे दोन भाग करा, तिघं एकीकडे, तिघं दुसरीकडे, चाळीस मिनिटांनी अदलाबदल. पुढच्या फेरीला संध्याकाळी जा आणि तेच करा. पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, तेव्हा हातात धरूनच काढायची तयारी ठेवा. प्रार्थना चालू असताना आत कॅमेरा काढू नका. ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताच्या (सणाच्या) आधीचे नऊ-दहा दिवस तिथे मोठी गर्दी असते; गर्दीच हवी असेल तर ठीक, नाहीतर ती तारीख टाळा.

दुसरी जागा मिठागर. रायबंदरला आहेत, पेडण्यात आगरवाड्याला आहेत. मिठाचा हंगाम साधारण जानेवारीपासून पाऊस येईपर्यंत. बाकीच्या महिन्यांत तिथे नुसतं पाणी असतं, त्याचीही वेगळी मजा आहे. सकाळी लवकर पोचा. दहा-अकराच्या सुमारास समुद्रावरचं वारं सुटलं की पाण्यातलं आकाश मोडतं, ते मग संध्याकाळपर्यंत जुळत नाही. मिठाच्या ढिगाला +१ ते +१.३ लागतं, पण हिस्टोग्राम (फोटोतला काळोख-उजेड दाखवणारा आलेख) उजव्या कडेला टेकू देऊ नका. एकदा पांढरं जळलं की मिठाचे दाणे जाऊन नुसता कागद उरतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. एक गोष्ट फार महत्त्वाची: चालायचं ते रुंद बांधावरूनच. वाफ्यांमधल्या वीतभर मातीच्या कडेवर पाय ठेवलात तर ती फुटते, एका वाफ्याचं खारं पाणी दुसऱ्यात जातं आणि कोणाची तरी काही दिवसांची मेहनत वाया जाते. मिठागरातली माणसं यावर काही बोलत नाहीत, पण पुढच्या वेळी तुम्हाला उभं करत नाहीत.

तिसरी, रायबंदर–चोडण फेरीबोट. पाण्याशी संबंधित कुठल्याही जागेला एक हिशेब लक्षात ठेवा. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. म्हणजे आठवड्याने त्याच घटकेला गेलात तर पाणी नेमकं उलटं सापडेल; मागच्या रविवारी धक्क्याला लागलेलं, आज चिखल आणि खारफुटीची मुळं उघडी. तीच स्थिती परत हवी असेल तर १४-१५ दिवसांनी जा. सोपं म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर बघा: पहिली फेरी पौर्णिमेच्या आसपास केली असेल तर पुढची अमावास्येच्या आसपास. बोटीवर ट्रायपॉड निरुपयोगी आहे, इंजिनाची थरथर पायांतून थेट वर चढते. हातात धरा, शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, आणि कोपर कठड्यावर टेकवू नका, तोही थरथरत असतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराबद्दल एवढंच: निळ्या ताडपत्रीखाली माणसाचं तोंड निळं येतं, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा आपोआप ठरवणारी सोय, दर फोटोला वेगळा निळा देतं. एकच व्हाइट बॅलन्स ठरवून ठेवा, रॉ काढा, निळा किती ठेवायचा ते घरी ठरवा.

बाहेर असताना

सहलीला सहापेक्षा जास्त माणसं नकोत. निघण्यापूर्वी एकच बंधन ठरवा, एकच. ‘आज सगळ्यांनी एकाच लांबीची लेन्स’, ३५ किंवा ५० मिलिमीटर, फोनवर झूम न करता. किंवा ‘आज प्रत्येकाने ३६च फोटो’, जुन्या रोलएवढे. किंवा ‘आज आकाश नको’. दोन बंधनं एकदम घातली की माणूस नियम पाळण्यात गुंततो आणि बघणं राहून जातं. ३६ चं बंधन नवख्यांना सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, कारण विसाव्या फोटोपर्यंत हात आपोआप थांबायला लागतो.

पोचल्यावर पहिला अर्धा तास बोलणं बंद, कॅमेरा पिशवीत. नुसतं चाला. मग प्रत्येकाने दुसऱ्यापासून निदान वीस पावलं दूर राहायचं. हे पाळलं नाही तर काय होतं ते ठरलेलं आहे: एकाला सुंदर खिडकी सापडते, तो गुडघ्यावर बसतो, आणि दोन मिनिटांत सहाही जण त्याच खिडकीसमोर. बैठकीत सहा सारखे फोटो येतात आणि बोलायला काही उरत नाही.

माणसांच्या बाबतीत याहून कडक राहा. मासळी विकणाऱ्या बाईसमोर सहा लेन्स रोखणं हा त्रास आहे, कितीही हसून केला तरी. एका वेळी एकानेच जायचं, बाकीच्यांनी मागे सरायचं. आधी दोन शब्द बोला, मग ‘बाय, फोटो काडूं?’ असं सरळ विचारा, झाल्यावर ‘देव बरें करूं’ म्हणा. नाही म्हणाली तर नाही. पणजीतल्या फोंताइन्हास आणि मळा या वस्त्यांतले रहिवासी रोजच्या फोटोवाल्यांना कंटाळले आहेत. ती घरं आहेत, देखावा नव्हे. तिथे गट घेऊन जायचंच असेल तर दोघं-दोघं, सकाळी, आवाज न करता, आणि कोणाच्या पायरीवर न बसता. दाबोळीला विमानतळ आणि नौदल यांच्या आसपास कॅमेरा बाहेर काढू नका. देवळात गाभाऱ्याकडे लेन्स वळवण्यापूर्वी भटजींना विचारा.

खिशात छोटी वही असू द्या. वेळ, भरती की ओहोटी, उजेड कुठून, आणि ‘मी इथे का थांबलो’ हे चार शब्दांत. ही शेवटची ओळ बैठकीत फार कामाची ठरते. मध्येच एकमेकांना पडदे दाखवू नका. शेवटी कुठेतरी चहा आणि भाजी-पाव घ्या, प्रत्येकाने आज काय करून बघितलं ते एका वाक्यात सांगा, फोटो न दाखवता.

कॅमेऱ्याच्या काळजीचं थोडं, कारण गोव्यातली हवा लेन्सची वैरी आहे. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात २०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहू द्या. निळे खडे ओल पिऊन गुलाबी होतात. मग १२० अंशाला ओव्हनमध्ये दोन तास ठेवले की पुन्हा निळे. एसी गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा काढलात तर लेन्सवर वाफ धरते, आत धरली तर दिवस गेला. पिशवी बंद ठेवून वीस-पंचवीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. किनाऱ्यावरून आल्यावर कॅमेऱ्याचं अंग आधी किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसा, मग कोरड्याने. नुसतं कोरडं फडकं मीठ घासून चरे पाडतं.

निवड

आल्या दिवशी निवडू नका. दोन रात्री जाऊ द्या, म्हणजे ‘किती मेहनतीने मिळाला’ ही भावना जरा ओसरते. मग ३६ मधून आधी भराभर हो-नाही करत दहा काढा. हे दहा काड्यापेटीएवढे लहान करून बघा. लहान आकारात जो ओळखू येत नाही त्याची रचना सैल आहे. उरलेल्यांना उलटं करा. डोकं खाली पाय वर झाले की विषय दिसेनासा होतो आणि काळं-पांढरं कुठे झुकलंय तेवढंच दिसतं. शेवटी बैठकीला दोन फोटो न्या: एक ज्यावर तुमचा विश्वास आहे तो, आणि एक ज्याबद्दल तुम्हाला शंका आहे तो. शंकेच्या फोटोवरच जास्त शिकायला मिळतं. पुष्कळ जण तो घरी ठेवून येतात.

बैठक

सहा जण, प्रत्येकी दोन फोटो, दर फोटोला आठ मिनिटं: ९६ मिनिटं, मध्ये चहा. दोन तासांच्या पुढे डोळे थकतात. एकाने घड्याळ सांभाळायचं, एकाने लिहून घ्यायचं, आणि पुढच्या वेळी फोटोंचा क्रम उलटा करायचा, म्हणजे शेवटच्यावर दर वेळी अन्याय होत नाही.

आठ मिनिटं अशी. पहिलं मिनिट शांत, फक्त बघणं. पुढची दोन मिनिटं नुसतं वर्णन: काय दिसतं, कुठे आहे, किती उजळ आहे. चांगलं-वाईट नाही. मग दोन मिनिटं नजर कशी फिरली आणि काय वाटलं. एवढा वेळ फोटो ज्याचा तो गप्प. हे फार जड जातं, पण ते मोडलं तर बैठकच मोडते, कारण त्याने ‘तिथे ना खरं म्हणजे…’ म्हटलं की सगळे फोटो सोडून त्याची गोष्ट बघायला लागतात. सहाव्या मिनिटाला तो सांगतो की त्याला काय हवं होतं. शेवटची दोन मिनिटं सूचना, आणि प्रत्येक सूचना ‘पुढच्या वेळी’ या शब्दांनी सुरू.

समजा टेबलावर चोडणच्या फेरीबोटीचा फोटो आहे. पहाट, कठड्याशी टोपली घेऊन उभी असलेली बाई, मागे धुकं, उजव्या कडेला पिवळा दोर गुंडाळलेला. वर्णन सुरू होतं. ‘पिवळा दोर.’ ‘दोर, मग कठड्याची तिरकी रेघ.’ ‘दोर आणि डाव्या कोपऱ्यात कोणाच्यातरी स्कूटरचा आरसा.’ ‘धुकं… आणि बाई, पण तिचा चेहरा मागच्या खारफुटीत मिसळलाय.’ पाच जण बोलले. चौथ्याच्या तोंडी पहिल्यांदा बाई आली. सहाव्या मिनिटाला फोटोचा मालक म्हणतो, ‘मला तिचं एकटेपण हवं होतं.’ इथे कोणी त्याला चूक म्हणण्याची गरजच उरत नाही. त्याला बाई दिसली होती, कागदावर दोर आला. मग सूचना येतात: पुढच्या वेळी दोन पावलं डावीकडे, म्हणजे दोर चौकटीबाहेर जाईल. पुढच्या वेळी कॅमेरा छातीच्या उंचीवर आण, म्हणजे तिचं डोकं खारफुटीऐवजी धुक्यावर येईल. पुढच्या वेळी बोट सुटेपर्यंत थांब, धक्का मागे गेला की मागची गर्दी आपोआप रिकामी होते. या तीन ओळी त्याच्या वहीत जातात आणि अमावास्येच्या फेरीला तो त्या घेऊन बोटीवर चढतो.

कापून सुधारण्याचा मोह आवरा. काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन कापा, भुजा २५ सेंटिमीटर, रुंदी ४. ते प्रिंटवर सरकवून कड कुठे घ्यावी ते बघता येतं. पण हे फक्त शेवटच्या दोन मिनिटांत. एक तृतीयांशापेक्षा जास्त कापावं लागत असेल तर तो सुधारलेला फोटो नव्हे, तो न काढलेला दुसरा फोटो आहे; परत जाऊन काढा.

शब्दांवर लक्ष ठेवा. ‘छान’, ‘मस्त’, ‘क्लास’ यांच्यापुढे बोलणाऱ्याने ‘कारण’ लावायचंच. ‘विषय मध्यभागी आलाय, नियम मोडला’ असं म्हणू नका. मध्यभागी आल्यामुळे फोटो थांबल्यासारखा वाटतो का, आणि थांबायलाच हवा होता का, ते बोला. ‘मी असतो तर’ बंद. गटात जो सगळ्यात अनुभवी असेल त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं, कारण दादा आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात. आणि सुंदर विषयाला सुंदर फोटो समजू नका. मांडवीवरचा सूर्यास्त सूर्याने केलाय. तुम्ही काय केलंत ते विचारा.

ऐकणाऱ्याने वहीत दोन रकाने करावेत: एकानेच म्हटलेलं, आणि तिघांनी किंवा जास्त जणांनी म्हटलेलं. तिघं एकाच जागी अडखळले तर अडचण फोटोत आहे, ती मान्य करा. एकानेच म्हटलं तर ती त्याची आवड असू शकते. दोन दिवस फोटोला हात लावू नका.

गटाचा एक धोका सांगायलाच हवा. वर्षभर तीच सहा माणसं एकमेकांना सुधारत राहिली की सगळ्यांचे फोटो सारखे दिसायला लागतात: तेवढेच तीक्ष्ण, तेवढेच उजळ, कडा तेवढ्याच स्वच्छ. गटाला न आवडलेला, पण तुम्हाला सोडवत नसलेला एखादा फोटो वेगळ्या पाकिटात जपून ठेवा. तीन महिन्यांतून एकदा स्वतःचे फोटो न नेता चित्रं बघायला जा: पिळर्ण्याचं म्युझियम ऑफ गोवा, आल्तिनोवरचं सुनापरांत, डिसेंबरात पणजीतला सेरेंडिपिटी महोत्सव. एका चित्रासमोर पंधरा मिनिटं उभं राहा आणि बैठकीसारखंच वर्णन करा.

मालिका

तीन फेऱ्या आणि तीन बैठका झाल्या की तुमच्याकडे एका जागेच्या तीस-चाळीस लहान प्रिंट असतील. त्या जमिनीवर पसरा. आधी एकच गोष्ट दोनदा सांगणारे फोटो काढून टाका, त्यातला चांगला ठेवून. इथे मन घट्ट करावं लागतं. दहा-बारा उरू द्या. मग क्रम: शेजारच्या दोन फोटोंत काहीतरी सारखं हवं, एखादा आकार, एक रंग, उजेडाची दिशा, पण विषय तोच नको. गटाला बोलवा आणि त्यांना न सांगता प्रिंट हलवू द्या.

सोबत शंभर शब्दांचं निवेदन मराठीत लिहा. कुठे, कधी, किती वेळा गेलात, आणि काय बघत होतात. ‘अस्तित्वाचा शोध’ असले शब्द आले तर खोडा. ‘पाणी उतरल्यावर धक्क्यावर काय उरतं’ एवढं पुरतं.

पहिलं प्रदर्शन बलकांवातच करा. सुतळी आणि लाकडी चिमटे. प्रिंटचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर, दोन प्रिंटमध्ये निदान चार बोटं जागा, आणि पावसाची तिरीप जिथवर येते त्याच्या आत. शेजाऱ्यांना बोलवा. मालिकेत ज्या माणसांचे चेहरे आहेत त्यांच्यासाठी एक-एक जादा प्रिंट त्याच दिवशी काढून ठेवा आणि पुढच्या फेरीला, कॅमेरा पिशवीतून काढण्याआधी, ती त्यांच्या हातात द्या.